रतनबाईच्या घोडीचं पहिलं रक्त

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, रोज प्रभूचा एक तरी उपकार लिहा. मोठा नको, असेल तो. वही दीनाचीच आहे. तिने पहिल्या पानावर फक्त नाव घातलं होतं. ते पान तसंच ठेवून दुसऱ्यापासून लिहितो.

दीनाला जाऊन आज सोळा दिवस झाले.

आजचा उपकार — बन्सी आला. डोंगराकडच्या वाडीतला शेतकरी. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे पळते ती घोडी त्याच्याकडे आहे, पाखरी. दारात उभा राहिला, टोपी काढली, आणि बोलेना. मीही बोललो नाही. आम्ही दोघेही त्यातलेच. शेवटी आतून साळूबाईने विचारलं, "पाहुणा मुका हाय का?" साळूबाई माझी थोरली बहीण, दीना गेल्यापासून इथेच आहे. बन्सी हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग कळलं ते असं. जानेवारीच्या शेवटी पाखरीने दहाव्या महिन्यात गाभ टाकला. जनावरांची डॉक्टर म्हणून दीनाने जाऊन तिचं रक्त काढलं आणि सांगितलं, तीन आठवड्यांनी पुन्हा काढू. तारीख दिली ती आजची. आता कोण काढणार, हे विचारायला तो आला होता.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिलं रक्त कुठे आहे तेही नाही. पण माझ्या मुलीने दिलेली तारीख एका माणसाने लक्षात ठेवली.


१९ फेब्रुवारी

हर्षलला फोन केला. दीनाच्या वर्गातला, आता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. अंत्यविधीला मंडप, खुर्च्या, पाणी, सगळं त्यानेच बघितलं होतं. तरी त्याच्याशी नीट बोलायची ही पहिलीच वेळ. तो म्हणाला, "काका, घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बघा. ती तिथेच ठेवायची."

मटारच्या पिशवीमागे तिचा शाळेतला डबा. आत दोन नळ्या, करंगळीएवढ्यासुद्धा नाहीत. त्यांत पिवळसर काहीतरी गोठलेलं. चिकटपट्टीवर निळ्या शाईत तिचं अक्षर —

पाखरी, बन्सी, २८-१
चांदणी, रतनबाई, २८-१

तिचा दोनचा आकडा मागे झुकलेला असतो. पहिलीपासून. किती वेळा गिरवून घेतला होता!

गेल्या आठवड्यात साळूबाई हा कप्पा खरवडून धुणार होती. पाणी तापवलं, आणि मग म्हणाली, उद्या बघू. तिच्या आळसाबद्दल प्रभूचे उपकार. तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "लिही, लिही. मी गेल्यावर दगडावर बी तेच कोर."

दीना गेल्यापासून आज पहिल्यांदा हसू आलं.


२० फेब्रुवारी, गुरुवार

हर्षलबरोबर गेलो. त्याला हाताखाली माणूस हवा होता असं नाही. मीच म्हणालो, येतो.

वाटेत त्याने सगळं सांगितलं. घोड्यांमध्ये हर्पीस नावाचा विषाणू असतो. बहुतेक घोड्यांना तो शिंगरूपणीच होऊन जातो आणि पुढे अंगात झोपून राहतो. कधी नुसता ताप येतो, नाक गळतं. पण गाभण घोडीला झाला तर शेवटच्या महिन्यांत गाभ पडू शकतो. विषाणू स्वतः हाती लागेलच असं नाही. मात्र त्याच्याशी लढायला अंग जी प्रतिपिंडं तयार करतं ती रक्तात सापडतात, मोजता येतात. अडचण एकच. जुन्या आजाराची प्रतिपिंडंही रक्तात असतातच. म्हणून एकट्या रक्तावरून काही ठरत नाही. पहिलं रक्त लगेच काढायचं, दुसरं तीन आठवड्यांनी, आणि दोन्ही एकत्र तपासायची. दुसऱ्यात चौपट किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, तर आजार ताजा.

हे मला लगेच समजलं. तेहतीस वर्षं मी कालवा निरीक्षक होतो. पट्टीवर पाणी पाच फूट आहे, एवढ्यावरून कोणी काय समजावं? चढतंय की उतरतंय? त्याला दुसरं वाचन लागतं, आणि दोन्ही वाचनांची वेळ. दीना लहानपणी सायकलवर पुढे बसून पट्टी बघायला यायची. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. ती बघत असेल.

पाखरी शांत उभी राहिली. बन्सी तिच्या कानाशी काहीबाही बोलत होता.

मग रतनबाईकडे. पलीकडच्याच गावात राहते. नवरा वारल्यापासून लग्नांत नवरदेवासाठी घोडी देण्याचा धंदा तीच चालवते. तिची चांदणी आठ महिन्यांची गाभण. पाखरीचं झाल्यावर जवळपासच्या गाभण घोडीचंही रक्त घेऊन ठेवावं म्हणून दीना त्याच दिवशी दुपारी तिच्याकडे गेली होती.

रतनबाई बोलायला फटकळ. हर्षलला शीर सापडेना तेव्हा म्हणाली, "ताईंचा हात हलका हुता. तुमी सुई टोचताय का कुदळ मारताय?" हर्षलचे कान लाल झाले. माझ्याशी मात्र ती फारसं बोलली नाही. चहा दिला आणि चांदणीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली.

मुलीचा हात हलका होता. हे मला कोणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं.


२१ फेब्रुवारी

आता डब्यात चार नळ्या आहेत. दोन तिच्या अक्षरात, दोन हर्षलच्या. हर्षलचं अक्षर वाईट आहे. तरी उपकार.


२३ फेब्रुवारी, रविवार

ख्रिस्तमंदिरात गेलो. तिच्या जागेवर कोणी बसलं नाही. बाक भरला होता, तरी तेवढी जागा लोकांनी सोडली.


२५ फेब्रुवारी

हर्षलचा फोन. काल पहाटे चांदणीनेही गाभ टाकला. त्याने जाऊन मेलेलं शिंगरू आणि वार खोल पुरायला लावली, वर चुना टाकला. घोडी ठीक आहे. रतनबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही म्हणे.

आज उपकार सुचत नाही. घोडी वाचली, हाच लिहितो.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दूध आणायला केंद्रावर गेलो. तिथला कानिफनाथ माप घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाला, "लोक म्हणत्यात, मी न्हाई म्हणत." मी विचारलं, काय म्हणतात? तो सांगेना. मग हळूहळू सांगितलं. रतनबाई सगळीकडे बोलते आहे की रोग डॉक्टरणीनेच आणला. सकाळी हात बन्सीच्या घोडीच्या घाणीत, दुपारी तेच हात चांदणीच्या अंगाला. चांगली धडधाकट घोडी होती, बाई पाय ठेवून गेली आणि महिन्याच्या आत गाभ पडला.

मी दूध घेतलं. घरी आलो. साळूबाईने विचारलं काय झालं. दूध पातळ आहे म्हणालो.

ती गेली ते दुःख आहेच. ते देवाने दिलंय, त्याच्याशी मी रोज बोलतो. पण ती निष्काळजी होती असं कोणी म्हणावं? चार वर्षांत एकदाही हात न धुता घरात आली नाही. पाण्याच्या पेल्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत धुवायची. साळूबाई तिला बामणीण म्हणून चिडवायची.

बाकीचं लिहीत नाही.


२८ फेब्रुवारी

हर्षल चार वाजता नळ्या न्यायला येणार होता. हरियाणातल्या प्रयोगशाळेत पाठवायच्या होत्या. दुपारी साळूबाई झोपली तेव्हा डबा काढून टेबलावर ठेवला.

मला आता रक्ताचं वाचन कळतं. चांदणीच्या पहिल्या रक्तात प्रतिपिंडं आधीच भरपूर निघाली, तर आजार दीना तिथे जायच्या आधीपासूनचा. मग तिच्या नावावर काही नाही. पण पहिल्यात काही नसेल आणि दुसऱ्यात चढलं असेल, तर आजार त्याच सुमाराचा. आणि ते पहिलं रक्त तिनेच काढलेलं, तिच्याच अक्षरात तारीख. तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तीच.

मोरी चार पावलांवर होती. नळ्या वितळल्या, वीज गेली होती, असं सांगितलं असतं तर हर्षलने पुढे विचारलं नसतं. काका दुःखात आहेत म्हणाला असता.

डबा परत आत ठेवला. तिने काढलेलं रक्त मी ओतणार नाही. भीती वाटते, तरी.

हर्षल आला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरला. मी विचारलं, तेवढ्या दोन चिठ्ठ्या काढून घेता येतील का? मला हव्या होत्या. तो म्हणाला, "काका, चिठ्ठी काढली तर ती नळी कुणाचीच राहत नाही." बरोबर आहे. मग त्याने स्वतःच त्यांचा फोटो काढला आणि मला मोबाईलवर पाठवला. मोठा करून बघितलं की शाई कुठे जाड, कुठे बारीक, तेही दिसतं.

हर्षलबद्दल उपकार. त्याच्या आईवडिलांबद्दलही.


५ मार्च, राखेचा बुधवार

उपवास धरला. साळूबाई म्हणते, तू तसाही कुठे जेवतोस!


९ मार्च

साळूबाईला कोणीतरी सांगितलं की हर्पीस म्हणजे नागीण. ती घाबरून गेली. "म्हंजे घोडीच्या अंगाभोवती नागीण उठली? तोंडाला तोंड मिळालं तर घोडी जाती!" हर्षल आलेला होता, त्याने समजावलं की माणसाची नागीण वेगळ्या विषाणूने होते, हा त्याचा चुलतभाऊ म्हणा. घोड्याचा माणसाला होत नाही. साळूबाई म्हणाली, "चुलतभाऊ असंल तर भरवसा न्हाई." आणि त्याला आणखी एक चपाती वाढली.

हर्षल आता दर रविवारी येतो. काही काम नसतं.


१७ मार्च

बन्सी येऊन गेला. पाखरीला शर्यतीला न्यायचं का विचारत होता. मी कोण सांगणारा? पण सांगितलं, दीनाच्या कामाच्या वहीत लिहिलंय की निकाल येईपर्यंत इतर घोड्यांत नेऊ नये. तो म्हणाला, "मंग न्हाई नेत." एवढंच. यात्रेची शर्यत होती. वर्षभर त्याच दिवसाची वाट बघतात ही माणसं. त्याने मान हलवली आणि गेला.


२६ मार्च

निकाल नाही. कानिफनाथ आता माप जरा सढळ घालतो. कीव असेल. कीवही उपकारच.


२ एप्रिल, बुधवार

निकाल आला. हर्षलने फोन केला नाही, स्वतः आला. तेव्हाच समजलो.

पाण्यासारखं आहे सगळं. रक्तातलं ते पिवळं पाणी निम्मं निम्मं करत पातळ करत जातात. कितव्या पायरीपर्यंत ते विषाणूला अडवतं ते बघतात. जितकं जास्त पातळ करूनही अडवेल, तितकी प्रतिपिंडं जास्त.

पाखरी — पहिलं एकास दोनशे छप्पन्न, दुसरंही एकास दोनशे छप्पन्न. म्हणजे गाभ पडला तेव्हा तिचं पाणी चढून बसलेलंच होतं. हर्षल म्हणाला, असं होतं. गाभ पडेपर्यंत आजाराला बरेच दिवस होऊन गेलेले असतात, मग वाढ पकडता येत नाही. दीनाने तिच्या वारेचा तुकडा आधीच पाठवला होता, त्यात विषाणू सापडला.

चांदणी — पहिलं एकास आठ. दुसरं एकास दोनशे छप्पन्न.

तो आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. २८ जानेवारीला पट्टी तळाला होती. तीन आठवड्यांत काठापर्यंत.

हर्षल म्हणाला, "काका, रक्त फक्त केव्हा ते सांगतं. कुणी ते सांगत नाही. हवा असते, माणसं असतात, बादल्या असतात." मी मान हलवली. तो तासभर बसला. जाताना म्हणाला, हा कागद रतनबाईला दाखवायलाच हवा असं नाही.


३ एप्रिल

दीनाच्या कॉलेजच्या वहीत एक ओळ आहे, शिकत असतानाची. "निकाल मालकाला सांगणे — नेहमी, समक्ष."

नेहमी शब्दाखाली रेघ आहे.


५ एप्रिल, शनिवार

रतनबाईकडे गेलो. एकटाच, एसटीने. हर्षलला सांगितलं नाही.

ती चांदणीला खरारा करत होती. मला बघून हात थांबला, पण या म्हणाली नाही. मी उभ्यानेच कागद काढला. जे ठरवून गेलो होतो ते एका दमात सांगितलं — पहिल्या रक्तात आजार नव्हता, दुसऱ्यात आहे, म्हणजे तुमच्या घोडीला तो दीना येऊन गेली त्याच सुमाराला झाला. तुम्ही म्हणता ते कागद खोटं ठरवत नाही. मी तिचा बाप आहे म्हणून लपवणार नाही.

तिने कागद हातात घेतला. वाचता येत नाही तिला. उलटा धरला होता.

खाली बसली. तिथेच, गवतावर. म्हणाली, "अण्णा, साज माजा न्हवता."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. बावीस जानेवारीला एक लग्न होतं. जवळचंच, दारापासून मांडवापर्यंत चालवायचं, म्हणून गाभण असून चांदणीला नेलं. आदल्या दिवशी तिच्या लगामाची कडी तुटली. बन्सी रानात होता, त्याच्या बायकोकडून पाखरीचा लगाम आणि सगळा साज मागून आणला. पाखरीचं नाक तेव्हा वाहत होतं, हे तिने बघितलं होतं. पदराने लगाम पुसला आणि चांदणीच्या तोंडात घातला. परत देताना बन्सीच्या बायकोकडून वचन घेतलं की बन्सीलाही सांगायचं नाही. धंद्याची गोष्ट. रतनबाईकडे स्वतःचा लगाम नाही अशी बोलवा झाली की पुढचं लग्न दुसऱ्याकडे जातं.

"ताई आल्या तवा पयलं हेच इचारलं. कुनाचं काई वापरलं का, बादली, लगाम, झूल? मी न्हाई म्हनले. तोंडावर म्हनले."

ती गवताच्या काड्या मोडू लागली. मग म्हणाली, "गाभ पडला तवाच मला समजलं हुतं. पर मेलेल्या मानसाला बोल लावनं सोपं असतं, अण्णा. ते उलटून बोलत न्हाई."

तिने चहा केला. मी प्यालो. गोड होता. निघताना ती माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली, मी मागे सरलो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊस तुटून गेलेली रानं मोकळी होती. दोन महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.


६ एप्रिल

प्रभू, तुझे उपकार.


८ एप्रिल

हर्षलला सांगितलं. तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "बसतं, काका! लागण झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस रक्तात काही दिसत नाही. बावीसला लगाम, अठ्ठावीसला एकास आठ — अगदी बसतं."

मी विचारलं, आणि लागण अठ्ठावीसलाच झाली असती तर?

"तरी तेच आकडे आले असते. पण आता तो प्रश्न कशाला?"

साळूबाईने त्याला शिरा केला.


११ एप्रिल

कानिफनाथाने केंद्रावर चारचौघांत सांगितलं की रतनबाई आठवडे बाजारात उभी राहून म्हणाली, डॉक्टरताईंची काही चूक नव्हती, पाप माझं. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाने माझा हात धरला. ओळख नव्हती त्याची नि माझी.


१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पाळकसाहेबांनी उपासनेत दीनाचं नाव घेतलं. उपकारस्तुती केली, की प्रभूने तिच्या हातची साक्ष राखून ठेवली आणि सत्य उजेडात आणलं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. साळूबाई सर्वांत मोठ्याने.

मी उशिरा म्हणालो.


१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. पाय दुखले. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.


२० एप्रिल, ईस्टर

पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात गेलो. दीनाच्या कबरीवर अजून लाकडी क्रूसच आहे, माती बसल्यावर दगड बसवायचा. गीत चाललं होतं तेव्हा फाटकाशी रतनबाई दिसली. हातात झेंडूची फुलं. चपला आत चालतात का, असं ती साळूबाईला विचारत होती. साळूबाईने तिला हाताला धरून आणलं.

ती कबरीशी बसली. लोक होते, तिला पर्वा नव्हती. म्हणाली, "ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमचं नाव घालवलं. माज्या हातानं माजं शिंगरू मारलं." मातीवरून हात फिरवला, घोडीच्या मानेवरून फिरवतात तसा.

मग उठून मला म्हणाली की येत्या शुक्रवारी चांदणीला घोडेगावच्या बाजारात नेते आहे. धंदा बंद. साळूबाई म्हणाली, वेडी का काय तू, घोडी बरी झाली ना? रतनबाई म्हणाली, "माज्या हाताखाली जनावर नको. मला झोपच लागत न्हाई, आक्का. तिच्याकडं बघितलं की तो लगाम दिसतो."

साळूबाईने माझ्याकडे बघितलं. मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी वाऱ्याने कललेली मेणबत्ती सरळ करत राहिलो.


२१ एप्रिल, सोमवार

पाळकसाहेबांनी उपकार लिहायला सांगितलं होतं, म्हणून हे आजवर या वहीत नव्हतं.

२८ जानेवारीला दुपारी दीना बन्सीकडून घरी जेवायला आली. गमबूट दारात काढले. म्हणाली, पप्पा, गाडीच्या डिकीत जंतुनाशक औषधाची बाटली आहे, ते घातलेल्या पाण्यात बूट दहा मिनिटं बुडवून ठेवा, मला लगेच रतनबाईकडे जायचंय. मी डिकीपर्यंत गेलो नाही. नळाखाली घासले, फडक्याने पुसले, चकचकीत करून ठेवले. बूट चढवताना तिने विचारलं, "औषधात ना, पप्पा?"

मी हो म्हणालो.

शुक्रवारच्या बाजाराला चार दिवस आहेत. साडेआठच्या एसटीने रतनबाईकडे निघालो.